काळ्या तळ्याकाठचं पिवळं घर

१

केलोवाराला कोणी मुद्दाम येत नाही. माणूस आणखी उत्तरेला निघालेला असतो, गाडीत बसून पाय आखडलेले असतात, म्हणून तो इथे थांबतो. अशांसाठी नगरपालिकेनं हमरस्त्यावर एक तपकिरी पाटी लावली होती. लाकडी चर्च, ओंडके सोडायचा जुना पाट, जंगल संग्रहालय आणि टेकडीवरचा मनोरा.

संग्रहालय ओइवा सांभाळायचा. तो म्हणायचा, "चर्चला कुलूप असतं, पाटात पाणी नसतं, आणि संग्रहालयात मी असतो. राहिला तुझा मनोरा. गाव तुझ्यावर चाललंय, तेउवो."

मनोरा माझा नव्हता, पण माझी सगळी उमर त्याच्याभोवती गेली. आधी मी वनखात्यात होतो. उन्हाळाभर वर बसायचं आणि कुठे वणव्याचा धूर दिसतोय का बघायचं, हे माझं काम. पुढे ते काम विमानं करायला लागली. मनोऱ्याला कठडे बसले, वर एक दुर्बीण बसली, खाली कॉफीची खोली झाली, आणि नगरपालिकेनं किल्ल्या माझ्याच हातात दिल्या.

सकाळी मी वर जाऊन पक्ष्यांची घाण धुवायचो, दुर्बिणीची काच पुसायचो. खाली उतरेपर्यंत हेल्वीचे वेलदोड्याचे पाव भट्टीतून निघालेले असायचे. हेल्वी माझी बायको. ती कॉफी करायची, पाव विकायची, लोकांना वाट सांगायची. मनोऱ्यावर मात्र ती चढत नसे. कोणी विचारलं तर गुडघ्यांचं कारण सांगायची. तिचे गुडघे चांगले होते.

मनोऱ्यावरून दक्षिणेला गाव दिसतं आणि पश्चिमेला नदी. उत्तरेला काळं तळं आणि त्याच्या काठचं जंगल. त्या काठावर एके काळी वनखात्याचं पिवळं घर होतं. त्यात आम्ही राहायचो, मी, हेल्वी आणि आमची मुलगी इंकेरी. सातव्या वर्षी, हिवाळ्यात, तिला मेंदूज्वर झाला. बर्फावरून स्लेजगाडीत घालून रस्त्यापर्यंत आणि तिथून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. परत आणली ती चर्चमागच्या दफनभूमीत. त्या घरात आम्ही पुन्हा राहिलो नाही. वनखात्यानं ते पाडलं, लाकूड दुसरीकडे नेलं आणि तिथे पाइनची रोपं लावली. ती झाडं आता माझ्या दुप्पट उंच झाली होती.

एवढीच हकिगत. आमच्याकडे त्याबद्दल बोलायची पद्धत नव्हती, आणि आम्ही बोलत नसू.

२

जुलैचे दिवस होते. दक्षिणेच्या तुर्कू शहराकडचं एक वयस्कर जोडपं मनोऱ्यावरून उतरून कॉफी प्यायला बसलं. बाई गप्पिष्ट होत्या. म्हणाल्या, "काय जागा आहे हो. त्या तळ्याकाठचं पिवळं घर तर मला फारच आवडलं. कोण राहतं तिथे?"

हेल्वी चिमट्यानं पाव बशीत ठेवत होती. तिचा हात तसाच थांबला.

"तिथे घर नाहीये," मी म्हणालो. "पलीकडच्या काठाला होड्यांची शेड आहे. ती दिसली असेल."

"शेडला चिमणी असते का?" नवरा म्हणाला. "धूर निघत होता. मी हिला म्हटलंसुद्धा, एवढ्या उन्हाचं यांनी चूल कशाला पेटवलीय."

"स्वयंपाक करायला," बाई म्हणाल्या. "तुझ्या डोक्यात ते येणार नाही. तुला ताट आपोआप भरतं असं वाटतं."

दोघं हसली. कॉफी संपवून, हेल्वीला पाव छान झालेत असं सांगून निघून गेली.

गाडीचा आवाज गेल्यावर मी वर चढलो. उत्तरेच्या कठड्याशी उभा राहिलो. तळं होतं, जंगल होतं, आणि आमच्या घराच्या जागी एका वयाच्या झाडांचा तो हिरवा ठिगळासारखा तुकडा. धूर नव्हता. धूर ओळखण्यात माझी हयात गेली होती.

खाली आलो तेव्हा हेल्वी टेबल पुसत होती.

"दिसलं?" तिनं वर न बघता विचारलं.

"काय दिसणार?"

तिनं फडका पिळला आणि दुसरं टेबल पुसायला घेतलं.

३

मी सरळ डोक्याचा माणूस आहे. मला वाटलं, त्यांनी कुठेतरी जुना फोटो पाहिला असेल आणि मनात गल्लत झाली असेल. संग्रहालयात मनोऱ्यावरून काढलेला एक फोटो होता, घर असतानाचा. दुसऱ्या दिवशी तो बघायला गेलो.

ओइवा दारातच बसला होता. "काय रे, आज गिऱ्हाईक म्हणून आलास? मग जोडे पुसून ये."

मी त्याला सगळं सांगितलं. ऐकून तो दारातून उठला. मग मला आत नेऊन फोटो दाखवला. काळापांढरा, कडा पिवळ्या पडलेला. घर त्यात एक करडा ठिपका होता. त्यावरून रंग कळणं शक्य नव्हतं.

"पर्यटक लोक काहीही बघतात," ओइवा म्हणाला. "मागे एकानं माझ्याकडे भुसा भरलेलं अस्वल हललं म्हणून तक्रार केली होती." मग म्हणाला, "हेल्वीनं ऐकलं का?"

"ऐकलं."

"मग आता कोणी काही बोललं तर तिच्यापर्यंत जाऊ देऊ नकोस."

पण ते माझ्या हातात नव्हतं. चारसहा दिवस गेले असतील, औलू शहरातली एक शिक्षिका आली, एकटीच, गळ्यात स्वतःची दुर्बीण. पक्षी बघायला आली होती. हेल्वीकडून कॉफी घेता घेता तिला म्हणाली, "तळ्याकडच्या त्या घरी आज धुण्याचा दिवस दिसतोय. दोरी भरून कपडे आहेत."

मी मध्ये बोलणार होतो. हेल्वीनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी गप्प बसलो.

"कसले कपडे?" तिनं विचारलं.

"चादरी. आणि लहान मुलाचे लोकरी मोजे, लांब असतात ना, तसले."

"मोजे कसे वाळत घातले होते?"

बाईला प्रश्न चमत्कारिक वाटला असावा, पण ती शिक्षिका होती, तिनं विचार करून उत्तर दिलं. "बोटांकडून चिमटे लावून. उलटे लटकत होते. माझी आई ओरडली असती. आमच्याकडे तोंडाकडून लावतात."

आमच्या गावातही सगळे तोंडाकडून लावतात. हेल्वी पूर्वेकडच्या सरहद्दीपलीकडून आलेली, ती बोटांकडून लावायची, आणि त्यावरून माझी आई तिला लग्नानंतर कितीतरी वर्षं टोचून बोलायची.

सगळ्यांना ते दिसत नव्हतं. बहुतेकांना नुसतं जंगल दिसायचं आणि तेच बघायला ते आलेले असायचे. ज्यांना दिसायचं त्यांच्यात मला काही साम्य सापडेना. तरुण, म्हातारे, चष्म्याचे, बिनचष्म्याचे. उन्हातही दिसायचं, ढगातही. आणि त्यातल्या एकालाही आपण काही विशेष पाहिलं असं वाटत नव्हतं. कॉफीत साखर ढवळता ढवळता ते बोलून जायचे. घाबरून सांगितलं असतं तर मी त्यांना वेड्यात काढलं असतं. त्यांच्या त्या सहज बोलण्याचीच मला भीती वाटायला लागली.

४

मग एक कुटुंब आलं, बरोबर लहान मुलगी. आईबाप नकाशा पसरून भांडत होते. मुलगी कॉफीच्या खोलीत शिरली आणि थेट मला म्हणाली, "काका, त्या घरातल्या मुलीला पुढचे दात नाहीयेत."

"कुठल्या घरातल्या?"

"दुर्बिणीतून दिसतं ते. तिनं मला जीभ दाखवली. मग मीपण दाखवली."

तिची आई दारातून म्हणाली, "अगं, काकांना त्रास देऊ नकोस."

हेल्वी टेबलामागून बाहेर आली आणि त्या मुलीसमोर जमिनीवर बसली. न दुखणाऱ्या गुडघ्यांवर. इंकेरी गेली तेव्हा तिचे पुढचे दोन दात पडलेले होते, हे त्या खोलीत आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

"अजून काय करत होती गं ती?" हेल्वीनं विचारलं.

"काही नाही. वाट बघत होती."

"कशावरून?"

"पायरीवर बसली होती ना. आजी मला न्यायला उशिरा येते तेव्हा मी बसते, तशी."

"तिच्याबरोबर कोण होतं? मोठं माणूस कोणी?"

मुलीनं मान हलवली. "एकटीच होती."

हेल्वीनं तिला एक पाव कागदात बांधून दिला आणि बाहेरपर्यंत सोडून आली.

त्या दिवसापासून मीही विचारायला लागलो. कोणी घराचं नाव काढलं की हळूच विचारायचो, मोठं माणूस दिसलं का कोणी? बाई? पुरुष? धूर दिसलेला असायचा, वाळत घातलेले कपडे दिसलेले असायचे, कधी पायरीवरची मुलगी. मोठं माणूस कोणालाही दिसलं नव्हतं. चूल कोण पेटवत होतं आणि त्या ओल्या चादरी दोरीवर कोण टाकत होतं, हा विचार मी मनात शिरू दिला नाही. सात वर्षांच्या मुलीचा हात त्या दोरीला पुरत नव्हता. मला माहीत होतं, दोरी मीच बांधली होती.

त्याच आठवड्यात हेल्वी मनोऱ्यावर चढली. कामाचा ॲप्रन काढला, केस नीट केले आणि काही न बोलता पायऱ्या चढायला लागली. मी खाली उभा राहिलो. तिच्या पावलांचा लाकडावरचा आवाज वर वर जात थांबला. खूप वेळ काही ऐकू आलं नाही. मग ती तितक्याच सावकाश उतरली.

"झाडं," ती म्हणाली. "नुसती झाडं. लोकांना दिसतं, तेउवो. आपल्यालाच का दिसत नाही?"

५

रविवारी आम्ही तिथे गेलो. जायचं कोणी ठरवलं ते सांगता येणार नाही. मी कॉफीच्या खोलीला कुलूप लावलं. मनोरा उघडा ठेवला, लोकांना चढू दे म्हणून.

टेकडी उतरून तळ्याकडे जाणारी पायवाट माझ्या पायाखालची होती, पण ती आता ब्लूबेरीच्या झुडपांत पार हरवली होती. हेल्वी पुढे चालत होती. ती एकदाही अडखळली नाही.

लावलेल्या झाडांच्या रांगा सुरू झाल्या तशी शांतता वाढली. रांगांच्या जंगलात तसंही पाखरं कमी असतात. घराच्या जागी शेवाळलेले पायाचे दगड होते आणि भट्टीच्या विटांचा ढीग. त्याच्या मधोमध पाइनची झाडं उभी. स्वयंपाकघराच्या जागी एक, आमच्या खाटेच्या जागी एक. पायरी नव्हती. ती लाकडाची होती, घराबरोबर गेली.

मी सगळं नीट बघितलं. कोणी तिथे राहत असल्याची, चूल केल्याची एकही खूण नव्हती. मला हायसं वाटलं. मी हेल्वीला तसं म्हणणारच होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "डास नाहीत."

जुलै महिना, तळ्याचा काठ. येताना वाटेवर आम्ही मान आणि मनगटं झोडपत आलो होतो. आणि इथे एकही डास नव्हता.

"वारा असेल," मी म्हणालो.

वारा नव्हता. तळ्याचं पाणी तव्यासारखं सपाट होतं.

हेल्वी दगडांच्या मध्ये उभी होती. तिचा उजवा हात अंगापासून जरा दूर, कमरेच्या थोडा खाली, हवेत होता. तळवा जमिनीकडे. तिला त्याचं भान नसावं. बाजारात कोणाशी बोलताना बाई शेजारी उभ्या पोराच्या डोक्यावर हात ठेवते, तसा तो होता. मला तिकडे बघवेना. मी वर मनोऱ्याकडे बघितलं. वर दोन माणसं होती, मुंगीएवढी. त्यातल्या एकानं हात हलवला. मीही हलवला.

"चल," मी म्हणालो. "ढग येतायत."

"थांब ना जरा."

"भिजू आपण."

ती थांबली, मग वळली. परत येताना मी पुढे होतो आणि ती मागे. दर थोड्या अंतरावर तिची पावलं थांबायची, आणि मी बोलावलं की पुन्हा ऐकू यायची.

६

मनोऱ्यावरची ती दोघं खाली बाकावर आमची वाट बघत बसली होती. स्वीडनहून गावी आलेली, आपल्याच भागातली माणसं. कॉफी मिळेल का म्हणून थांबली होती. मी कुलूप उघडलं, हेल्वीनं पाणी ठेवलं.

"आम्हीच हात केला बरं का मघाशी," बाई म्हणाल्या. "तुम्ही ओळखलंत की नाही कोण जाणे."

"दिसलं," मी म्हणालो.

"तुमचं उन्हाळ्याचं घर का ते? छान ठेवलंय. आणि नात फार गोड आहे."

चहाकॉफीच्या पेल्यांचा आवाज थांबला. हेल्वी पाठमोरी उभी होती.

"तुमच्या बायकोनं तिच्या डोक्यावर हात ठेवला होता, आणि ती सारखी मान वर करून बघत होती," बाई सांगत राहिल्या. "मी यांना म्हटलं, बघा, आपली पोरं आजीजवळ अशी उभी तरी राहतात का. पण मग तुम्ही दोघंच निघालात, तेव्हा मला जरा कसंतरी झालं. कोणी असेल ना घरात तिच्याजवळ?"

"आहे," मी म्हणालो.

"मग ठीक. कारण ती तुमच्या मागून पळत आली होती थोडी. झाडं सुरू होतात तिथपर्यंत. मग थांबली. बराच वेळ उभी होती बिचारी."

नवऱ्यानं तिला कोपरानं ढोसलं. त्याला आमच्या चेहऱ्यांवर काहीतरी दिसलं असावं. त्यांनी कॉफी अर्धीच टाकली आणि ती दोघं निघाली.

हेल्वी खुर्चीवर बसली. तिनं आपला उजवा तळवा उघडून मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिली.

७

नंतरच्या दिवसांत ती ओरडली नाही, रडली नाही. पाव रोजच्यासारखे होत होते. एकदा जेवताना ती बोलली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"आपण तिला दवाखान्यात नेलं. तिथून ती थेट चर्चमागे गेली. तिला घरी असं आणलंच नाही आपण."

"घराकडची वाट बर्फानं बंद झाली होती, हेल्वी. दुसरं काय करणार होतो?"

"तुला बोल लावत नाहीये मी. नुसतं सांगतेय."

"तिथे काही नाही. तू स्वतः बघितलंस. पायरीसुद्धा नाही."

"मला माहितीये," ती म्हणाली. "मला वेड लागलेलं नाही, तेउवो. मी झाडांमध्ये उभी होते, तुझ्याइतकंच मला दिसलं. पण तिला आपण दिसलो ना. आलो, आणि निघून गेलो."

 मी ताटातला उकडलेला बटाटा सोलत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी मनोऱ्यावरची दुर्बीण सोडवून खाली आणली. उत्तरेच्या कठड्यावर फळ्या ठोकायचं मनात होतं. हेल्वीनं मला जिन्याशी गाठलं.

"कशाला काढलीस?"

"बिघडलीय."

तिनं दुर्बिणीच्या काचेवरून बोट फिरवलं, जसं तिच्यावर दव असावं तसं. "बरं," ती म्हणाली. मग माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली. असं ती कधी करायची नाही.

८

फळ्या आणायला मी लाकूडगिरणीत गेलो होतो. दुपारी परत आलो तर कॉफीच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. परातीतलं पीठ फुगून कापडासकट काठावरून खाली आलं होतं. भट्टी तापलेली होती. आत पाव नव्हते.

मी हाक मारली. मग तळ्याकडे धावायचं सोडून मनोऱ्यावर चढलो. का, ते मला आजही कळत नाही. जन्मभर काहीही झालं की आधी वर चढून बघायची सवय होती, तेच असेल.

वर पोचलो तेव्हा माझा श्वास माझ्याच कानांत वाजत होता. उत्तरेच्या कठड्याला धरून उभा राहिलो.

झाडांच्या त्या हिरव्या तुकड्यात एक पिवळी कड होती. भिंतीचा कोपरा म्हणावा इतकीच. त्याच्यापुढे दोरीवर एक पांढरी चादर. एवढ्या लांबून, नुसत्या डोळ्यांनी, मला तिच्या घड्या दिसत होत्या. चादरीमागे कोणीतरी होतं, आणि ती चादर दोरीवरून हळूहळू ओढून काढत होतं. चादरीच्या खालच्या काठाखाली पाय दिसत होते. बाईचे दोन पाय, राखाडी मोज्यांतले. आणि त्यांना चिकटून, त्यांच्यावर रेलल्यासारखे, दोन उघडे लहान पाय.

चादर घसरत होती. आता पुरती निघेल, मागचं दिसेल, म्हणून मी पापणी न लववता बघत होतो. एक ढग सूर्यावर आला. त्याची सावली तळ्यावरून काठाकडे सरकली, जंगलावरून गेली. ती निघून गेल्यावर तिथे झाडं होती.

मी धावत उतरलो, धावत तिथे पोचलो. हेल्वी पायाच्या दगडावर बसली होती, पाइनच्या खोडाला पाठ टेकून. डोळे अर्धे उघडे. एक हात कोपरात वाकलेला, मांडीवर कोणी बसलंय आणि त्याला धरलंय असा. अंग अजून ऊबदार होतं. मी तिला हलवलं, बोललो, तिच्या तोंडाशी कान नेला. चेहऱ्यावर दुःख नव्हतं, आनंदही नव्हता. कोणाचं तरी बोलणं लक्ष देऊन ऐकावं तसा तो चेहरा होता.

डॉक्टर म्हणाले, हृदय. भराभर चालल्यामुळे, म्हणाले. मी मान हलवली. एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. सकाळी पीठ मळलेल्या तिच्या हातांना, नखांतसुद्धा, पिठाचा कण नव्हता. बोटांची टोकं बराच वेळ पाण्यात राहिल्यासारखी सुरकुतली होती, आणि हातांना धुण्याच्या साबणाचा वास येत होता. तळं जवळच होतं, तिनं हात धुतले असतील, असं मी स्वतःला सांगितलं. साबणाचं मात्र काही सांगता आलं नाही.

९

तिला इंकेरीशेजारी ठेवलं. ओइवानं संग्रहालय बंद ठेवून कॉफीची खोली चालवायला घेतली. त्याचे पाव दगडासारखे व्हायचे. तो स्वतःच म्हणायचा, "हे चर्चच्या भिंतीला लावा, पडायची नाही," आणि मग माझ्याकडे चोरून बघायचा, हसलो का ते.

दुर्बीण मी पुन्हा वर बसवली. फळ्या तशाच पडून राहिल्या. उरलेला उन्हाळा मी खाली जिन्याशी बसून काढला. माणूस उतरला की विचारायचो, "तळ्याकडे बघितलंत का?"

"हो. सुंदर आहे."

"काही दिसलं तिकडे?"

"जंगल," ते म्हणायचे.

एकालाही धूर दिसला नाही. कपडे दिसले नाहीत. पायरीवर कोणी बसलेलं दिसलं नाही. मी रोज सकाळी वर जायचो, दुपारी जायचो, पापणी न लववता डोळ्यांतून पाणी येईपर्यंत बघायचो. आता वाट बघणारं तिथे कोणी नव्हतं, म्हणून बाहेरून दिसण्यासारखंही काही नव्हतं, असं मला वाटायला लागलं. हे वाटणं सरळ डोक्याच्या माणसाचं नव्हे, मला कळत होतं. पण मग मी रात्री अंथरुणात पडलो की दुसरा विचार यायचा, की त्यांनी मला बोलावलं कसं नाही.

शरद ऋतूत नगरपालिकेचा इंजिनियर आला, खांबांत सुरी खुपसून बघितली आणि लाकूड आतून कुजलंय म्हणाला. पहिल्या बर्फाआधी मनोरा पाडायचा ठरला. नदीपलीकडच्या टेकडीवर लोखंडाचा नवा बांधणार होते. ओइवा म्हणाला, "तू विरोध कर, तेउवो. मी पण सही करतो. अर्धं गाव करेल." मी नाही म्हणालो. जे मला दिसत नव्हतं ते बघायला उंच जागा ठेवून काय करायचं होतं?

पाडायला राइमो आला, मुकादम, माझ्या ओळखीच्या माणसाचा पोरगा, आता स्वतःच पोक्त झालेला. त्यानं खांब कापले, साखळी बांधली आणि मला लांब उभं केलं. "काका, तुम्ही घरी गेलात तरी चालेल," तो म्हणाला. "बघायला बरं नाही वाटत आपली वस्तू पडताना."

"आपली नाही ती," मी म्हणालो. "थांबतो मी."

ट्रॅक्टर ओढायला लागला. मनोरा आधी कुरकुरला, मग जरा वाकला आणि एकदम आला. एवढा मोठा आवाज त्या जंगलात मी कधी ऐकला नव्हता. तो टेकडीवरून सुटला, तळ्यावर आदळला, पलीकडच्या काठावरून परत आला. पाखरं उडाली. धुरळा बसला. राइमोनं ट्रॅक्टर बंद केला आणि सगळीकडे शांत झालं.

तेव्हा तळ्याकडून एक हाक आली. बाईची हाक होती, मोठ्यानं पण न रागावता मारलेली. एक छोटं नाव, शेवटी लांबवलेलं. मग तेच पुन्हा, जरा घाईनं. आणि दार लावल्याचा आवाज.

मी तसाच उभा राहिलो. आता माझंही नाव येईल म्हणून ऐकत होतो. खूप वेळ ऐकलं. आलं नाही.

राइमोनं टोपी मागे सारली. "कोणीतरी पोराला घरात बोलावतंय," तो म्हणाला. "आवाजाला घाबरलं असेल."

"हो," मी म्हणालो. "लहान आहे ती अजून."